मांजर सोफा का ओरबाडतं, आणि त्यावरचे पेपर कसे वाचायचे

तुमच्या घरात मांजर असेल तर सोफ्याच्या कोणत्या कोपऱ्याबद्दल मी बोलतेय हे सांगायची गरज नाही. रेक्झीनच्या चिंध्या, पडद्याचे खालून ओढलेले धागे, दाराच्या चौकटीवरच्या उभ्या रेघा. आणि भाड्याच्या फर्निश्ड फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे सगळं घरमालकाचं, म्हणजेच तुमच्या डिपॉझिटमधून कापलं जाणारं. पहिल्या महिन्यात सगळे हसतात, मग वैतागतात, आणि मग एक दिवस "मांजर द्यायचं आहे, कुणी सांभाळेल का?" असं व्हॉट्सॲप स्टेटस लागतं. मांजराचं घर सुटतं ते कधीकधी एवढ्याशा कारणावरून.

हा विषय आज घेण्याचं कारण म्हणजे 'पेट'ची तयारी करणाऱ्यांसाठी तो फार सोयीचा आहे (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा म्हणतेय, पाळीव प्राणी नव्हे). मांजराच्या ओरबाडण्यावर गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी संशोधन झालंय. पेपर छोटे आहेत, भाषा सोपी आहे, आकडेमोड डोक्यावरून जात नाही. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यातला फरक, नमुना निवड, मोजमापाची व्याख्या हे सगळं आपण परीक्षेसाठी पाठ करतो, पण खऱ्या पेपरात ते कसं दिसतं हे बघायला असा विषय चांगला. शिवाय वाचून झाल्यावर सोफाही वाचला तर वाईट काय?

आधी प्रश्न दुरुस्त करू

"मांजराचं ओरबाडणं बंद कसं करायचं?" या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे: हे वागणं बंद होऊ शकतं. जीवशास्त्र काय सांगतं बघा. मांजराची नखी थराथराने वाढते. बाहेरचा जुना थर सुटून पडतो आणि आतून नवी टोकदार नखी वर येते. सोफ्याखाली झाडताना चंद्रकोरीसारखी पातळ टरफलं सापडतात ना, ती हीच. म्हणजे आपण "नखं पाजळतंय" म्हणतो ते बऱ्यापैकी बरोबर आहे. दुसरं, झोपून उठल्यावर मांजर पुढचे पाय लांब रोवून अंग ताणतं, आणि त्यासाठी पकड घ्यायला काहीतरी घट्ट लागतं. तिसरं कारण खुणेचं. पंजाच्या खालच्या भागात गंधग्रंथी असतात. ओरबाडताना डोळ्याला दिसणारी रेघ आणि नाकाला कळणारा वास अशा दोन्ही खुणा एकदम सोडल्या जातात.

फेल्डमन यांचा मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांवरचा १९९४ चा पेपर (कॅनेडियन जर्नल ऑफ झूऑलॉजी) इथे कामाला येतो. ही मांजरं ओरबाडण्याच्या खुणा आपल्या हद्दीच्या कडेला करत नव्हती. त्यांच्या नेहमीच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच्या झाडांवर करत होती, आणि त्यातही मऊ सालीची झाडं पसंत करत होती. आता तुमचा हॉल डोळ्यासमोर आणा. दारातून आत आलं की पहिला उभा, मऊ, न हलणारा कोपरा कुठला? सोफ्याचा. मांजराच्या हिशोबाने ती जागा अगदी योग्य आहे.

तेव्हा प्रश्न असा होतो: हेच वागणं मांजर दुसऱ्या कुठल्या वस्तूवर, कुठल्या जागी, आनंदाने करेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधणारे शिक्षेकडे जातात, दुसऱ्याचं शोधणारे दोर आणि खांबाकडे. गाईड सिनॉप्सिसमधला एक शब्द बदलायला लावतात तेव्हा राग येतो खरा, पण त्या एका शब्दाने पुढचं अख्खं डिझाइन बदलतं ते असं.

८३.९ टक्के कशाचे?

या विषयावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा पेपर म्हणजे विल्सन आणि सहकाऱ्यांचा, जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरीमध्ये २०१६ साली आलेला. इंटरनेटवरून केलेला सर्व्हे, ३९ देशांतून ४,३३१ मांजरपालकांची उत्तरं. त्यातला एक आकडा सगळीकडे फिरतो: ८३.९ टक्के लोकांनी सांगितलं की त्यांचं मांजर नको तिथे ओरबाडतं.

हा आकडा वाचून "जगातली ८४ टक्के मांजरं फर्निचर फाडतात" असं लिहिणारे भरपूर सापडतील. तुम्ही लिहू नका. मांजराच्या ओरबाडण्यावरचा सर्व्हे ऑनलाइन दिसला, तर तो भरायला कोण बसेल? ज्याचा सोफा फाटलाय तो. ज्याचं मांजर गुणी आहे तो पुढे स्क्रोल करेल. याला स्वयंनिवड म्हणतात, आणि उत्तरं चार हजार असोत की चार लाख, ती अडचण आकड्याच्या आकाराने कमी होत नाही. मौखिक परीक्षेत "सॅम्पल मोठा आहे म्हणून निष्कर्ष भक्कम" असं कुणी म्हणालं की परीक्षक खुर्चीत पुढे सरकतात, ते याचसाठी.

अजून एक बारकावा. "नको तिथे" हे कोण ठरवतं? मालक. जुन्या पायपुसण्यावर मांजराने नखं घासली तर एका घरात ती समस्या, दुसऱ्या घरात कौतुक. म्हणजे इथे मोजण्याचं साधन माणूस आहे, मांजर नाही. साधन वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. वागणुकीच्या अभ्यासात मालकाचे डोळे हेच पुष्कळदा एकमेव साधन असतं. पण त्याने काय मोजलं जातंय हे लिहून ठेवायला हवं.

मग या सर्व्हेचा उपयोग काय? भरपूर आहे, फक्त प्रश्न बदलून विचारायचा. "किती मांजरं?" यासाठी तो कच्चा आहे. "ज्या घरांत अमुक खांब आहे आणि ज्या घरांत तमुक, त्यांच्यात फरक काय?" यासाठी बराच बरा. तिथे असं दिसलं की लोक बहुतेक वेळा गालिचासारखं कापड लावलेला स्वस्त खांब आणतात, पण जिथे दोर गुंडाळलेला खांब उपलब्ध होता तिथे मांजरं तो जास्त वापरत होती. साधा उभा खांब किंवा दोन-तीन मजली कॅट ट्री, उंची किमान तीन फूट, असं असेल तर वापर जास्त. नर-मादी, नसबंदी झालेली किंवा न झालेली, यात फरक नाही. आणि दहा ते चौदा वर्षांच्या मांजरांमध्ये आवड बदललेली होती, ती दोरापेक्षा गालिच्याकडे झुकत होती.

तीन फुटांची गोष्ट तर्कालाही धरून आहे. मांजराला पूर्ण ताणून उभं राहता आलं पाहिजे. दुकानात दीड फुटाचे गोंडस खांब मिळतात, वर पिसांचा चेंडू लटकवलेला. ते माणसांना आवडतात.

ओरडल्याने फरक पडतो का?

हा भाग नीट वाचा, कारण इथे मीही लेखकांच्या बाजूने आहे, आणि तरीही पुराव्यात भोक आहे.

सर्व्हेत असं दिसलं की मांजराला ओरडणं किंवा फटका देणं यांचा नको तिथलं ओरबाडणं कमी असण्याशी संबंध नाही. उलट, खांब वापरल्यावर खाऊ देणाऱ्या घरांत ते कमी होतं. लगेच निष्कर्ष येतो: शिक्षा निरुपयोगी, बक्षीस उपयोगी.

आता उलट्या दिशेने विचार करा. ज्या घरात मांजर खूप ओरबाडतं, तिथेच माणसं जास्त ओरडतात. म्हणजे ओरडण्याचा थोडाफार उपयोग होत असला तरी सर्व्हेत तो दिसणार नाही, कारण ओरडणारी घरं मुळातच त्रासलेली. आणि बक्षिसाचं बघा: खांब वापरल्यावर खाऊ द्यायचा, तर मांजराने आधी खांब वापरायला हवा. जे मांजर आपणहून खांबाकडे जातं त्यालाच खाऊ मिळण्याची संधी जास्त. मग खाऊमुळे खांब, की खांबामुळे खाऊ? एकाच वेळी घेतलेल्या सर्व्हेतून, म्हणजे छेदात्मक अभ्यासातून, ही दिशा कळू शकत नाही. पेपरची ती चूक नव्हे. या प्रकारच्या अभ्यासाचा तो स्वभावच आहे.

तरी मी ओरडू नका असंच सांगेन, पण कारण दुसरीकडून आणेन. शिकण्याच्या प्रक्रियेबद्दल प्रयोगशाळेत जे फार पूर्वीपासून माहीत आहे ते असं की परिणाम वागणुकीच्या लगेच मागोमाग आला तरच त्यांची सांगड बसते. तुम्ही किचनमधून धावत येऊन ओरडता तेव्हा मांजर सोफ्याशी नाही, तुमच्याशी सांगड घालतं. तुम्ही कॉलेजला गेलात की सोफा मोकळाच. म्हणजे दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवताहेत, आणि त्यातला प्रत्येक एकटा अपुरा आहे. साहित्य समीक्षेच्या प्रकरणात, म्हणजे रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये, हे असं लिहिता आलं पाहिजे. "अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे" अशी रांग लावली की ते प्रकरण होत नाही, यादी होते.

मुलांना हॉस्टेलला पाठवायचं का?

२०२४ मध्ये फ्रंटियर्स इन व्हेटरनरी सायन्समध्ये सालगिर्ली देमिरबाश आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. फ्रान्समधले १,२११ मांजरपालक, पुन्हा ऑनलाइन प्रश्नावली. यावेळी वस्तूंपेक्षा घर आणि स्वभाव यांवर भर होता. घरात लहान मुलं असणं, मांजर रात्री जास्त जागं असणं, खेळकरपणाचं प्रमाण, आणि मालकाने मांजराला आक्रमक किंवा त्रासदायक म्हणणं, या गोष्टींचा जास्त ओरबाडण्याशी संबंध दिसला. लेखक याचा धागा ताणतणावाशी जोडतात आणि लपायला सुरक्षित जागा, उंचावर बसायची सोय, शिकार 'यशस्वी' होईल असे छोटे खेळ सुचवतात.

बातम्यांत हे "मुलांमुळे मांजरं सोफा फाडतात" असं आलं. संबंध मुलांच्या गोंगाटाचा असेल, किंवा मुलं असलेल्या घरात मांजराकडे लक्ष द्यायला वेळ कमी असतो याचा असेल, किंवा त्या घरांत फर्निचरच वेगळं असेल. मुलगा आणि ओरबाडणं यांच्या मध्ये किती चल उभे आहेत बघा. सुचवलेले उपाय मात्र स्वस्त आणि निरुपद्रवी आहेत. कपाटावर एक जुनी उशी ठेवायला कार्यकारणभाव सिद्ध व्हायची वाट बघायला नको. पुरावा किती भक्कम हवा हे उपाय चुकला तर काय बिघडेल यावरही ठरतं, आणि हे आपल्या पद्धतीच्या पुस्तकांत फारसं सांगत नाहीत.

याचं दुसरं टोक म्हणजे नख्या काढण्याची शस्त्रक्रिया. नाव सौम्य असलं तरी त्यात नुसतं नख निघत नाही, बोटाचं शेवटचं हाड कापलं जातं. अमेरिकेत ही सोफा वाचवायची सोय म्हणून रूढ होती. भाडेकरूकडून घरमालकाने अशी अट घालू नये म्हणून कॅलिफोर्नियाला २०१२ साली कायदा करावा लागला, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ही शस्त्रक्रियाच बंद केली. मार्टेल-मोरान आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नख्या काढलेली १३७ आणि न काढलेली १३७ मांजरं तपासली. काढलेल्यांमध्ये पाठदुखी, चावणं, आणि ठरलेल्या जागेबाहेर शी-शू करणं जास्त होतं. ६३ टक्के मांजरांच्या एक्स-रेमध्ये हाडाचे तुकडे आत राहिलेले दिसले. हाही प्रयोग नाही, तुलनाच आहे. पण तपासणी पशुवैद्यांनी केलेली, एक्स-रे समोर, आणि नुकसान परत न फिरणारं. इथे मी सहसंबंधावरच थांबायला तयार आहे.

प्रयोगात वेगळी अडचण

टेक्सास टेकच्या झांग, मॅकग्लोन आणि सहकाऱ्यांनी सर्व्हे सोडून थेट मांजरांपुढे पर्याय ठेवले: दोन खांब, एक कॅमेरा, कुठे किती वेळ. पिल्लांवरच्या २०१९ च्या पेपरात पिल्लांनी 'एस' आकाराचा पुठ्ठ्याचा स्क्रॅचर जास्त पसंत केला आणि कॅटनिपने काही फरक पडला नाही. पुढे घरातल्या प्रौढ मांजरांवर केलेल्या अभ्यासात मांजरं उभ्या खांबाकडे झुकली, मग त्यावर पुठ्ठा असो की घायपाताचा दोर, आणि कॅटनिपने वापर वाढला. पिल्लांचा निष्कर्ष प्रौढांना लावला असता तर पूर्ण उलटं उत्तर आलं असतं.

पण या प्रयोगात मोजलं काय? खांबावर घालवलेला वेळ. तुम्हाला हवंय काय? सोफ्यावरचं नुकसान कमी व्हायला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजर खांब भरपूर वापरून वर सोफाही फाडू शकतं. नखं कापण्याचंही तसंच: दर दोन-तीन आठवड्यांनी टोकाचा पारदर्शक भाग कापला (आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तिथे कात्री न्यायची नाही) तर नुकसान कमी होईल, ओरबाडण्याची वारंवारता मात्र तशीच राहील. तुमचा परतंत्र चल 'वारंवारता' असेल तर उपाय नापास, 'नुकसान' असेल तर पास.

आता तुमच्या घरी

पहिले सात दिवस काहीच करू नका. रोज रात्री त्याच वेळी, त्याच अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून कोपऱ्याचा फोटो काढा. नव्या रेघा घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या मोजायच्या, एकमेकांना न सांगता. आई "सात" म्हणते आणि भाऊ "काही नाही, उगाच" म्हणतो, तर आधी रेघ कशाला म्हणायचं हे ठरवा. मांजर कुठून येतं, झोपून उठल्यावर जातं का, हेही लिहा.

मग खांब. तीन फूट, तळाला इतकं वजन की मांजराने झोकून दिलं तरी हलणार नाही. एकदा डगमगला की मांजर परत त्याच्याकडे बघत नाही. तो खोलीच्या रिकाम्या कोपऱ्यात नव्हे, फाटलेल्या कोपऱ्याला अगदी खेटून ठेवायचा. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या. खांब ठेवल्यानंतरच सोफ्याच्या त्या भागावर दोन्हीकडून चिकटणारी पट्टी किंवा गुळगुळीत प्लास्टिक लावा. आधी लावलं तर मांजर फक्त शेजारचा कोपरा निवडेल. खांबावर नखं लावल्या क्षणी खाऊ. सवय लागल्यावर खांब रोज थोडा थोडा सरकवता येतो.

इथे तुमच्यातल्या संशोधकाची आणि भाडेकरूची भांडणं होणार. खांब, पट्टी, खाऊ सगळं एकदम केलं तर नेमकं कशाने काम झालं हे कळणार नाही. एकेक करून बघितलं तर महिनाभर सोफा फाटत राहील. माझं मत विचाराल तर घरी सगळं एकदम करा. कारण शोधणं आणि त्रास थांबवणं ही वेगळी कामं आहेत. हट्टाने कारणच शोधायचं असेल तर एकच मांजर घेऊन उपाय लावायचा, काढायचा, परत लावायचा असं डिझाइन असतं. पण पट्टी काढल्यावर मांजर सोफ्याकडे परत आलं नाही, तर पट्टी निरुपयोगी होती असं नव्हे. तोवर खांबाची सवय लागलेली असू शकते. आधीच्या टप्प्याचा परिणाम पुढच्यात सांडतो, आणि शिकण्याशी संबंधित कुठल्याही गोष्टीत हे डिझाइन म्हणूनच जपून वापरतात.

म्हाताऱ्या मांजराने अचानक जागा बदलली किंवा उभं राहून ओरबाडणं सोडलं, तर मात्र डिझाइन बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जा. सांधे दुखत असतील.

आणि कुणाला लघुसंशोधनासाठी विषय हवा असेल तर एक सुचवते. वरच्या प्रयोगात होता तो घायपाताचा दोर, बाजारात सिसल म्हणून मिळतो तो. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात हाताशी असतो काथ्या. काथ्याच्या पायपुसण्यावर नखं घासणारी मांजरं कोकणातल्या कुठल्याही ओटीवर दिसतील. मग काथ्या की घायपात? दोन सारखे खांब, सारखी उंची, सारखं वजन, फक्त दोर वेगळा. डावी-उजवी बाजू रोज बदलायची, नाहीतर तुम्ही दोराची नाही, जागेची आवड मोजाल. वीस घरांतली वीस मांजरं म्हणजे वीस नमुने. एका घरातली पाच मांजरं म्हणजे पाच नव्हेत, कारण ती एकमेकांचं बघून आणि वास घेऊन वागतात. रेकॉर्डिंग मोजणाऱ्याला शक्य असेल तर कुठला दोर कुठला हे माहीत नसावं. रंग सारखा करून घेतला तर जमेल. आणि हे सगळं सुरू करण्याआधी तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीला लेखी विचारा, मांजरं घरची असली आणि त्यांना काहीही टोचायचं नसलं तरी. मालकांकडूनही लेखी संमती घ्या, त्यात त्यांच्या हॉलमध्ये कॅमेरा लागणार आहे हे स्पष्ट लिहून.